साप म्हणून भुई धोपटू नका

प्रश्न: जूनमध्ये आम्ही अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहराच्या पूर्वेला, सँडिया डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलं. घरात मी, नवरा, सहा वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि एक लहान कुत्रा. दोन महिन्यांत गराजमध्ये खोक्यांमागे उंदराच्या लेंड्या सापडल्या, सासूबाई पाखरांना दाणे टाकतात तिथे साप दिसला, मुलाच्या खोलीत विंचू निघाला आणि परवा ओसरीवर तळहाताएवढा केसाळ कोळी चालत होता. तो बघून तर मी किंचाळलेच. रात्री कुंपणापलीकडे कोल्ह्यासारखे कायोटी ओरडतात. नवऱ्याने महिन्याला फवारणी करणारी कंपनी ठरवत आणली आहे आणि उंदरांच्या विषाचे ठोकळेही आणून ठेवलेत. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवांना मारायचं नाही. मुलगा पलंगावरून पाय खाली ठेवत नाही. मी ऐकू कुणाचं?
— उंबरठ्यावर अडकलेली

उत्तर: तुमच्या पत्रात कोळ्याला किंकाळी मिळाली आणि उंदराच्या लेंड्यांना अर्धं वाक्य. आमचा क्रम नेमका उलटा आहे. त्या कोळ्यापासून तुमच्या घराला जवळजवळ काहीच धोका नाही. गराजमधल्या लेंड्यांना मात्र आज, हे वाचून होईपर्यंत, कुणीही झाडू लावू नये.

तुमच्या भागात घराच्या आसपास येणारा एक उंदीर म्हणजे डिअर माउस. पाठ तपकिरी, पोट आणि पाय पांढरेशुभ्र, कान मोठे, शेपटी वरून काळपट आणि खालून पांढरी. घरातला साधा करडा उंदीर वेगळा. डिअर माउसच्या लघवीत, लाळेत आणि लेंड्यांत हंता विषाणू असू शकतो. १९९३ साली न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा या चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या भागात साथ आली, तेव्हा त्याने होणारा फुप्फुसांचा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. तो दुर्मीळ आहे, राज्यात वर्षाला मोजकेच रुग्ण सापडतात. पण फुप्फुसांना लागण झालेल्यांपैकी तिघांत एकाहून जास्त दगावतात आणि त्यावर नेमकं औषध नाही. वाळलेल्या लेंड्यांची धूळ हवेत उडते, ती श्वासातून आत जाते. म्हणून झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर ही इथे सगळ्यात वाईट हत्यारं. दिवाळीची साफसफाई करतो तसा गराज झटकून काढायचा मोह आवरा.

साफ करायची रीत अशी. गराजचं मोठं दार आणि बाजूचं दार उघडा आणि अर्धा तास तिथून लांब राहा. रबरी हातमोजे घाला. घरातलं साधं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं मिश्रण त्याच दिवशी ताजं करा. एका गॅलन पाण्याला साधारण दीड कप ब्लीच लागतं. त्यात दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, अमोनिया किंवा आम्ल मिसळलं की विषारी वायू निघतो. लेंड्या आणि आसपासची जागा या पाण्याने चिंब भिजवा. जोराच्या फवाऱ्याने नाही, धूळ उडणार नाही अशा बेताने. पाच मिनिटं थांबा. मग कागदी टॉवेलने उचलून पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, गाठ मारून झाकणाच्या कचरापेटीत. त्यानंतर फरशी आणि फळ्या त्याच पाण्याने पुसा. हातमोजे हातात असतानाच धुवा, काढा आणि मग हात साबणाने धुवा. पुठ्ठ्याची खोकी फेकून द्या. जी पुस्तकं, कागद ओले करता येत नाहीत ते काही तास बाहेर उन्हात पसरून ठेवा. लेंड्या मूठ-दोन मूठ नसून थर साचला असेल, किंवा छताच्या पोकळीत घरटी असतील, तर हे काम योग्य मास्क आणि साधनं असलेल्या माणसांकडून करून घ्या. तुमच्या नवऱ्याने कंपनीला पैसे द्यायचेच असतील तर ते इथे द्यावेत.

एक तारीख लिहून ठेवा, लेंड्या सापडल्याची. लागण झाल्यापासून एक ते आठ आठवड्यांत ताप, प्रचंड थकवा आणि मांड्या-कंबर-पाठीचे स्नायू दुखणं सुरू होतं. खोकला आणि धाप त्यानंतर चार-दहा दिवसांनी येते. या काळात कुणाला असा ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘घरात उंदराच्या लेंड्या होत्या’ हे सांगा. नाहीतर फ्लू समजून रुग्णाला घरी पाठवलं जातं, आणि इथे वेळेत अतिदक्षता विभागात पोचणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे.

मात्र साफसफाईच्या आधी वाट बंद करायची, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. उंदराला सहा मिलीमीटरची, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीची फट पुरते. रात्री एकाने गराजच्या आत अंधारात उभं राहायचं आणि दुसऱ्याने बाहेरून दाराच्या कडेने टॉर्च फिरवायचा. उजेड आत आला तिथे उंदीर येतो. बहुतेक घरांत तो दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांत येतो, कारण खालची रबरी पट्टी ऊन खाऊन आक्रसते आणि कोपरे उचलले जातात. आत स्टीलची जाळी असलेली पट्टी मिळते, तीच बसवा. मग नळाचा पाइप, गॅसचा पाइप, ड्रायरचं धुराडं, विजेची तार जिथे भिंतीतून आत शिरते त्या जागा बघा. नुसता फोम मारू नका, उंदीर तो कुरतडून जातो. आधी तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची लोकर ठासायची, वरून सीलंट. साधी स्टीलची लोकर वर्षभरात गंजते आणि डाग मागे ठेवून गळून पडते. मोठ्या भोकांना पाव इंची गॅल्व्हनाइज्ड जाळी स्क्रूने ठोका.

वाटा बंद झाल्या की आत अडकलेल्यांसाठी सापळे. साधे लाकडी, स्प्रिंगचे. दोन सापळे महिनाभर ठेवण्यापेक्षा बारा एकाच रात्री लावलेले चांगले. वाटाण्याएवढं पीनट बटर, सापळा भिंतीला काटकोनात आणि चाप भिंतीच्या बाजूला, कारण उंदीर भिंत धरून धावतो. कुत्रा आणि मुलगा पोचणार नाहीत अशा जागी. चिकट पट्ट्या नकोत, त्यांवर अडकलेला उंदीर घाबरून लघवी करत राहतो आणि नेमकं तेच आपल्याला नको आहे. सापडलेल्या उंदरावर आधी ब्लीचचं पाणी, मग दोन पिशव्या. आठवडाभर एकही सापडला नाही, की आतला बंदोबस्त झाला. म्हणजे क्रम असा: वाट बंद, सापळे, आणि शेवटी वर सांगितलेली धुलाई. तोवर गराजमध्ये मुलाला आणि कुत्र्याला जाऊ देऊ नका.

सासूबाईंना हे जड जाईल, कळतं. एखादा अपवाद सोडला तर भिंतीबाहेरच्या कुठल्याही जिवाला आम्ही मारायला सांगणार नाही, भिंतीच्या आतल्या उंदराबद्दल मात्र तडजोड नाही.

आता ते विषाचे ठोकळे. ते परत करून या. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्तावून फिरतो आणि घुबड, ससाणा, बुलस्नेक साप किंवा कायोटीच्या तोंडी सहज लागतो. ब्रोडिफॅकमसारखी विषं मग त्यांच्या यकृतात साचतात. म्हणजे तुमच्यासाठी फुकटात उंदीर धरणारी फौज तुम्हीच मारता. दुसरं, उंदीर भिंतीच्या पोकळीत मरतो आणि महिनाभर वास येतो. तिसरं कारण या राज्यात खास आहे. प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ चं पुणं आठवतं, पण न्यू मेक्सिकोतल्या रानातल्या खारी, प्रेअरी डॉग (बिळात राहणारे, खारीच्याच कुळातले प्राणी) आणि त्यांच्या पिसवांमध्ये तो आजही आहे. ज्याच्या अंगावर त्या जगतात तो प्राणी मेला की पिसवा दुसरा शोधायला निघतात आणि सगळ्यात जवळ तुमचा कुत्रा असतो. अंगणात मेलेली खार दिसली तर फावड्याने, लांबून. कुत्र्याला पिसवांचं औषध वर्षभर, पशुवैद्याला विचारून. पुढेमागे मांजर आणलीत तर कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध तिला लावू नका, मांजरीला ते विष आहे. शिवाय मांजरींना प्लेग लवकर होतो. माणसाला दोन ते आठ दिवसांत ताप आणि काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ येते. वेळेत अँटिबायोटिक मिळाली तर तो बरा होतो, एवढा फरक १८९७ पासून नक्की पडला आहे.

सापाचं कोडं तुमच्या पत्रातच सुटलेलं आहे. सासूबाई दाणे टाकतात, पाखरं अर्धे खातात, उरलेले रात्री उंदीर खातात आणि उंदीर खायला साप येतो. साप घराकडे आलेला नाही, दाण्यांकडे आला आहे. दाणे बंद करा असं त्यांना सांगू नका, बिघडेल ते सगळं. सकाळी एक मूठ, तीही जमिनीवर नाही तर खाली ताट असलेल्या टांगत्या फीडरमध्ये, घरापासून दहा-बारा मीटरवर, आणि दुपारपर्यंत संपेल एवढीच. उरलं ते उचलायचं. दाण्यांची गोणी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कुत्र्याचं खाणंही. खरं तर या कोरड्या मुलखात पाखरांना दाण्यापेक्षा पाण्याची गरज जास्त आहे. दोन-तीन सेंटिमीटर खोलीचं पसरट भांडं, मधमाशांना बसायला आत एक दगड, आणि दर दोन दिवसांनी घासून नवं पाणी, म्हणजे डास होणार नाहीत. हमिंगबर्डसाठी एक भाग साखर, चार भाग पाणी, लाल रंग न घालता. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. डोंगराच्या इतक्या जवळ उन्हाळ्याच्या शेवटी काळं अस्वल फीडरला लटकायला येऊ शकतं. तसं झालं तर रात्री सगळे फीडर आत.

तुम्हाला दिसलेला साप कुठला हे पत्रावरून सांगता येत नाही, पण दोनच शक्यता मोठ्या आहेत. बुलस्नेक लांब, पिवळसर, निरुपद्रवी असतो. डिवचला की फुत्कारतो, डोकं पसरट करतो, शेपूट पाचोळ्यात थरथरवतो आणि हुबेहूब विषारी रॅटलस्नेकचं सोंग घेतो. बरेच बुलस्नेक या अभिनयापायीच जिवाला मुकतात. लांबूनच शेपटीचं टोक बघा. निमुळतं टोकदार असेल तर बुलस्नेक, कड्याकड्यांचा खुळखुळा असेल तर रॅटलस्नेक. ओळख पटत नसेल तर रॅटलस्नेकच समजून वागा. किमान दोन-तीन मीटर मागे, कुत्रा आणि मुलगा आत, नजर सापावर. बहुतेक वेळा तो आपणच निघून जातो. फावडं घेऊन मारायला जाऊ नका. जवळ जाऊन डिवचणाऱ्यालाच दंश होण्याचा धोका सगळ्यात मोठा.

दंश झालाच तर ९११, म्हणजे इथला आपत्कालीन मदतीचा क्रमांक. अंगठी, घड्याळ, बूट लगेच काढा, कारण सूज येते. माणसाला शांत बसवा. कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, आवळून बांधायचंही नाही. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेले चारही उपाय इथे नुकसान करतात: रॅटलस्नेकचं विष स्नायू आणि ऊती खातं, बांधून ते एका जागी कोंडलं तर हात-पाय गमवायची वेळ येते. औषध एकच, रुग्णालयातलं प्रतिविष.

मुलाची खेळायची जागा कुंपणाने वेगळी करता येते. पाव इंची जाळी, ९० सेंटिमीटर उंच, १५ सेंटिमीटर जमिनीत पुरलेली आणि वरून बाहेरच्या बाजूला साधारण ३० अंश झुकलेली. फाटकाखाली फट राहिली तर सगळा खर्च वाया. अख्ख्या अंगणाला हे करत बसू नका.

विंचवाकडे वळू. तुमच्या भागात सापडतो तो बहुधा पट्टेरी बार्क विंचू. पाठीवर दोन गडद पट्टे, दंश झोंबणारा, पण निरोगी माणसाला सहसा धोकादायक नाही. जास्त विषारी ॲरिझोना बार्क विंचू राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात असतो. दंश झाल्यास जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि विषबाधा हेल्पलाइनला फोन करा: १-८००-२२२-१२२२. लहान मुलाचे डोळे गरगर फिरणं, लाळ गळणं, अंगाला झटके, श्वास अडकणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट ९११.

फवारणीचा उपयोग इथेच सगळ्यात कमी. विंचू महिनोन्‌महिने न खाता राहतो, दिवसभर फटीत असतो. फवारा त्याच्यापर्यंत पोचत नाही, पोचतो तो मधमाशांपर्यंत. त्यापेक्षा अतिनील टॉर्च घ्या. रात्री अंधारात त्याच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, लपूच शकत नाही. घराबाहेरून भिंतीच्या पायथ्याने एक चक्कर मारा. जिथे चमकला तिथे आसपास फट असणार. लांब चिमट्याने उचला, बाटलीत घाला, लांब सोडा आणि सकाळी ती फट सीलंटने भरा. दाराखाली ब्रशची पट्टी, उजेड दिसणार नाही अशी. भिंतीला टेकलेली लाकडं, विटा, कुंड्या दीड-दोन मीटर लांब. मुलाचा पलंग भिंतीपासून वीतभर सरकवा आणि चादर जमिनीला टेकू देऊ नका, म्हणजे विंचवाला चढायला पायांशिवाय वाट उरत नाही.

छतावर स्वॉम्प कूलर, म्हणजे पाण्याने हवा गार करणारा कूलर असेल, बहुधा आहेच, तर त्याच्यासाठी खिडक्या दोन-तीन इंच उघड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर दमट हवा बाहेर पडत नाही. तुमच्या विंचवाची वाट कदाचित हीच. उघड्या फटीवर जाळी घट्ट आहे का बघा, कोपऱ्यात सैल असेल तर बदला. हिवाळ्यात कूलर बंद करताना पाणी काढून टाका आणि डक्टची झडप लावा, नाहीतर थंडीत उंदीर तिथूनही उतरतात.

ब्लॅक विडो या विषारी कोळ्याच्या मादीचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती असणारच. जमिनीलगत, विस्कटलेलं, बोट लावलं तर चरचर तुटणारं चिवट जाळं: कचरापेटीच्या कडेखाली, मीटरच्या पेटीत, प्लास्टिकच्या खुर्चीच्या तळाशी, मुलाच्या न वापरलेल्या सायकलीत. पोटाखाली लाल खूण. दर महिन्याला चामडी हातमोजे घालून या जागा झाडा. मुलाच्या हाताशी असलेली आम्ही मारतो, सासूबाईंची क्षमा मागून. दंशानंतर पोट-पाठ आखडून दुखू लागली तर रुग्णालय.

रात्री बाहेरचे पांढरे दिवे बंद ठेवा. त्यांच्यावर किडे, किड्यांवर कोळी आणि विंचू. पिवळसर बल्ब, वरून झाकण, हालचाल झाली तरच लागणारा. राज्यात १९९९ पासून रात्रीचं आकाश जपण्याचा कायदाही आहे, तो आणि तुमची सोय इथे एका बाजूला आहेत. मे-जूनमध्ये मिलर पतंगांचे थवे डोंगराकडे निघतात, तेव्हा घरात शिरलेल्यांसाठी एका दिव्याखाली साबणाच्या पाण्याचा वाडगा ठेवला की पुरे. ते चावत नाहीत, पडद्यांवर पिठासारखे डाग तेवढे पाडतात.

गाडी बाहेर उभी असते का? पॅक रॅट इंजिनच्या उबेत निवडुंगाचे तुकडे आणून घर बांधतात आणि तारा कुरतडतात. रात्री बॉनेट उघडं ठेवलं तर त्यांना आडोसा वाटत नाही. झुडपात काटक्यांचा ढीग दिसला तर तो त्यांचा. घराजवळचा असेल तर आधी वरच्याच रीतीने भिजवून काढा. रक्त पिणारे किसिंग बग अशाच ढिगात वाढतात.

कायोटींचं ओरडणं म्हणजे हल्ल्याची तयारी नव्हे, दोन-तीन कायोटींचा आवाज दहांसारखा वाटतो. कुत्रा लहान असल्याने त्याला एकट्याला अंगणात सोडू नका, विशेषतः पहाटे आणि तिन्हीसांजेला. फिरवताना १.८ मीटरचा साधा पट्टा, लांबणारा नको. कायोटी थांबून बघत राहिला तर कुत्रा उचलून घ्या, हात वर करा, मोठ्याने ओरडा, पळू नका. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत पिल्लांच्या काळात तो मागे-मागे येतो, बिळापासून तुम्हाला लांब पोचवायला. तेव्हा ओरडाआरडा नको, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे फिरा.

आणि तो कोळी. टॅरँटुला. ऑगस्ट ते ऑक्टोबर नर मादीच्या शोधात बाहेर पडतात, म्हणून ओसरीवर दिसला. तुमच्या घरात त्याला रस नाही. मादी वीस वर्षांहून जास्त जगते, बिळातच राहते. चावला तर मधमाशीएवढं दुखतं, पण सहसा चावत नाही, पोटावरचे केस झटकतो. ते डोळ्यांत गेले तर आग होते, म्हणून मुलाने तोंड जवळ नेऊ नये. त्याच्या मागावर निळसर-काळी, केशरी पंखांची मोठी गांधीलमाशी दिसेल, टॅरँटुला हॉक. न्यू मेक्सिकोचा हा अधिकृत राज्य-कीटक आहे. तिला मात्र कुणीच हात लावू नये, डंखाची पाच मिनिटं आयुष्यभर लक्षात राहतात.

मुलाला ‘घाबरू नको’ सांगून उपयोग नाही, त्याला काम द्या. बूट घालण्याआधी आपटायचे. जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. रात्री अतिनील टॉर्च त्याच्या हातात, तुमचा हात त्याच्या खांद्यावर, आणि विंचू मोजण्याचं काम त्याचं, उचलण्याचं तुमचं. टॅरँटुला पुन्हा ओसरीवर आला तर मोठा पारदर्शक डबा त्याच्यावर उपडा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा, मुलाला हवं तेवढं बघू द्या आणि वीस-पंचवीस पावलांवर, झुडपाजवळ सोडून या.